बर्फाच्या गावात इंग्रजी शिकवताना : तोकामाची, निइगाता

रानजाई

गेले काही महिने विपूत (विचारपुशीत) एकच प्रश्न फिरून फिरून येतोय : जपानमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी आपल्या लोकांना मिळते का, आणि मिळालीच तर तिथल्या गावात राहणं जमतं का? एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. टोकियोबद्दल मराठीत पुष्कळ वाचायला मिळतं, कारण आयटीतली मंडळी तिथे आहेत. गावाकडच्या जपानबद्दल तेवढं मिळत नाही. म्हणून मी माझ्या भागापुरतंच बोलेन.

मी तोकामाचीला राहते. निइगाता प्रांतात, शिनानो नदीच्या खोऱ्यात. टोकियोहून जोएत्सु शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) एचिगो-युझावाला उतरायचं आणि तिथून होकुहोकु लाइनची लहानशी गाडी धरायची. कागदावर हे शहर आहे, पण २०२० च्या जनगणनेत वस्ती पन्नास हजारांच्या आत, आणि त्यात आजूबाजूच्या डोंगरातल्या वाड्याही धरलेल्या. कोशिहिकारी तांदूळ, किमोनोचं कापड आणि बर्फ ही गावाची ओळख.

माझी नोकरी एएलटीची, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचरची. वर्ग जपानी शिक्षकाचा, मी त्यांच्या जोडीने उभी राहते. एक माध्यमिक शाळा (सातवी ते नववी) आणि काही प्राथमिक शाळा माझ्याकडे आहेत, वार ठरलेले आहेत. दारात बूट काढून शाळेतले वेगळे बूट घालायचे, शिक्षकांच्या खोलीत सकाळची बैठक, मग तास. सगळ्यांची टेबलं एकाच मोठ्या खोलीत जोडून मांडलेली असतात. त्या खोलीत तुम्ही कसे वागता यावर शाळेतलं तुमचं स्थान ठरतं, असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या तासाला मोबाइल बघत बसणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, पण त्याला धडा आखायलाही कोणी बोलावत नाही. फलकासाठी चित्रं कापणं, वह्या तपासणं, सगळ्यांबरोबर जिना झाडणं (इथे सफाई मुलं आणि शिक्षक मिळूनच करतात), यातून माणसं जवळ येतात.

शिकवण्याबद्दल थोडी पार्श्वभूमी. जपानमध्ये प्राथमिक शाळेत इंग्रजी हा गुणांकन असलेला विषय २०२० पासून झाला, तोही पाचवी-सहावीला. तिसरी-चौथीला खेळ-गाण्यांतून ओळख, वर्षाला ३५ तास. पाचवी-सहावीला ७० तास. आपल्याकडे मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासूनच होतं, २००० साली ते पहिलीपासून आलं. त्यामुळे पाचवीतल्या मुलाने पहिल्यांदा इंग्रजीचं पुस्तक उघडणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी चाळिशीपुढच्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

इथली मुलं अबोल आहेत असं बाहेरचे शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. मैदानावर यांचा आवाज डोंगरापलीकडे जातो. वर्गात मात्र चारचौघांत चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं त्यांना वाटतं. म्हणून मी एकट्या मुलाला उभं करून प्रश्न विचारत नाही. आधी शेजाऱ्याशी बोलू देते, मग चौघांच्या गटात, मग वर्गात. तोवर उत्तर तोंडात बसलेलं असतं आणि ते एकट्याचं राहिलेलं नसतं.

बाकी विचारा, जमेल तसं लिहीत जाईन.

मीनल_कोथरूड

किती छान लिहिलंयस गं! माझी लेक एम.ए. इंग्रजी करतेय, रानडे इन्स्टिट्यूटला जपानीही शिकतेय, डिसेंबरला एन४ (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) देणार आहे. तिच्या डोक्यात हेच आहे. मला आई म्हणून दोनच गोष्टी विचारायच्यात. एकटी मुलगी गावात सुरक्षित असते का? आणि पगारात भागतं का, की इथून पैसे पाठवावे लागतील?

घाटमाथा

उत्तम धागा. माझे प्रश्न : १) अर्ज नेमका कुठे करायचा? २) आपले भारतीय उच्चार त्यांना चालतात का? मी साताऱ्यात एका शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो, बी.एड. झालंय.

रानजाई

@मीनलताई, सुरक्षिततेचं आधी. संध्याकाळी शाळेतला कार्यक्रम आटपून अंधारात चालत घरी येताना मला कधी भीती वाटली नाही. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. नवीन माणसाने काय खरेदी केलं हेसुद्धा दुसऱ्या दिवशी शाळेत माहीत असतं, त्याचा कधी कधी कंटाळा येतो. खरी काळजी एकटेपणाची. डिसेंबर ते मार्च बर्फ असतो, दिवस लहान, घरात बसून राहायचं. ज्या मुलीला पुण्यात दहा मैत्रिणींत राहायची सवय आहे तिने पहिल्या हिवाळ्याआधी गावात काहीतरी धरून ठेवावं. बॅडमिंटन, शिवणकाम, ताइको ढोल, काहीही. मी बायकांच्या विणकामाच्या गटात जाते. तिथे माझं जपानी जितकं सुधारलं तितकं पुस्तकांनी सुधारलं नाही.

पगाराचं : जपान सरकारच्या जेट (जपान एक्स्चेंज अँड टीचिंग) कार्यक्रमातून आलात तर २०२५ पासून पहिल्या वर्षाला साधारण ४० लाख २० हजार येन, म्हणजे महिन्याला तीन लाख पस्तीस हजार, कर आणि विमा कापण्याआधी. जाण्याचं विमानभाडंही तेच देतात. खासगी कंपनीमार्फत आलात तर महिन्याला दोन ते अडीच लाख येन. गावात घरभाडं शहराच्या मानाने खूपच कमी. पण गाडी लागते, हिवाळ्यात रॉकेलचा हीटर लागतो आणि बर्फाचे टायर लागतात. पैसे पाठवावे लागणार नाहीत, तीच थोडे पाठवेल. फक्त एक लक्षात ठेवायला सांगा : रहिवासी कर पहिल्या वर्षी नसतो, दुसऱ्या वर्षी जूनपासून आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, साधारण दहा टक्के. पुष्कळ मुलं तिथे कोलमडतात, कारण पहिल्या वर्षीचा हातातला पगार हाच आपला पगार असं त्यांनी धरलेलं असतं.

@घाटमाथा दादा, रस्ते तीन. पहिला जेट, १९८७ पासून चालू आहे. अर्ज दिल्लीच्या जपानी वकिलातीमार्फत. शरद ऋतूत अर्ज, जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखत, जुलै-ऑगस्टमध्ये प्रयाण. करार वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. भारतातून फार थोडे निवडले जातात, त्यामुळे त्या वर्षाची सूचना वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहूनच पुढे जा. गाव निवडता येत नाही. पसंती लिहिता येते, पण मिळेलच असं नाही. दुसरा रस्ता खासगी पुरवठादार कंपन्यांचा. तिसरा थेट नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाचा, पण त्यासाठी बहुतेक वेळा आधीपासून जपानमध्ये असावं लागतं आणि जपानी बोलता यावं लागतं.

उच्चारांचं : मुलाखतीत स्पष्ट आणि सावकाश बोललात तर अडचण येत नाही. एक सराव जरूर करा. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हीला 'व' म्हणतो. इथल्या मुलांना ते दोन आवाज वेगळे ऐकू यायला हवेत, कारण त्यांच्या कानांना त्यांची सवय नाही.

अनिकेत_साईतामा

मी पाच-सहा वर्षं हेच काम केलं, टोकियोच्या उत्तरेला साईतामामध्ये, खासगी कंपनीमार्फत. ताईंचा अनुभव चांगला आहे, आनंद आहे, पण दुसरी बाजूही नीट लिहितो, नाहीतर इथली मुलं फसतील.

ज्या कंपनीत मी होतो तिने करारात आठवड्याचे साडेएकोणतीस तास लिहिले होते. का, तर तीस तास झाले की कंपनीला आरोग्य विमा आणि पेन्शनमध्ये अर्धा वाटा भरावा लागायचा. ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगार निम्म्याहून कमी. मार्च संपायला आठवडा राहिला तरी पुढच्या वर्षी शाळा कोणती ते कळत नव्हतं. आजारी पडलो तर बदली माणूस नाही.

आता नियम थोडे सुधारलेत. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत आठवड्याला २० तास काम करणाऱ्यालाही समाजविमा (हाच आरोग्य विमा आणि पेन्शन) लागू आहे. करार हातात आला की पहिल्यांदा हे तपासा. ऑगस्ट आणि डिसेंबरचा पगार किती, लेखी विचारा. तोंडी आश्वासनावर विमानात बसू नका.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. काही करार कामाच्या ठेक्याचे असतात. म्हणजे शाळेने कंपनीला काम दिलं, कंपनीने तुम्हाला. अशा करारात वर्गशिक्षक तुम्हाला थेट सूचना देऊ शकत नाही, कायद्याने. मग दोघांनी मिळून शिकवायचं कसं? तास चालू असताना शिक्षिका मला खुणेने सांगायच्या, कारण बोललं तर नियमात बसत नाही. चांगल्या शिक्षिका होत्या, त्यांनाही ते खूप लागायचं. जेट किंवा थेट नेमणुकीत ही अडचण येत नाही. म्हणून माझा सल्ला, जेट मिळत असेल तर एक वर्ष थांबा पण जेटच घ्या.

तोक्योकर

अनिकेतशी सहमत. नवीन मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो, २००७ च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हा ही त्या वेळची सगळ्यांत मोठी इंग्रजी शिकवणी-साखळी बुडाली आणि हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले. कित्येकांची घरं कंपनीच्याच नावावर होती, म्हणजे नोकरीबरोबर छप्परही गेलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलोय, घर शक्यतो स्वतःच्या नावावर घ्या आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

पेन्शनबद्दल : भारत सोडताना कोणी सांगत नाही, पण इथे भरलेल्या पेन्शनचे पैसे देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर एकरकमी परत मिळतात, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या भरण्यावर. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार २०१६ पासून लागू आहे, त्यात दोन्ही देशांतला भरणा पेन्शनसाठी एकत्र धरता येतो. त्यामुळे पुन्हा जपानला यायचा विचार असेल तर पैसे काढण्याआधी नीट विचार करा. काढलेला काळ नंतर पेन्शनच्या हिशेबात धरत नाहीत.

आणि ज्यांना वाटतं की परदेशी माणूस इथल्या शाळेत कायम सहायकच राहणार, त्यांच्यासाठी : आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतात सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. वाट अरुंद आहे, पण आहे.

खानापूरचे_गुरुजी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालं, बी.ए. मात्र इंग्रजी विषय घेऊन. वीस-बावीस वर्षं ग्रामीण मुलांना इंग्रजी शिकवतो आहे, त्यातली काही आज परदेशात आहेत. माझ्या पुतण्याने एका कंपनीला विचारलं, तर त्यांनी सांगितलं की बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिक्षण झालेलं नसेल तर अर्जच घेत नाही. हे खरं आहे का? असेल तर फार वाईट वाटलं. भाषा परकी म्हणून शिकलेल्या माणसाइतकं ती परकी असणाऱ्या मुलाला कोण समजून घेणार?

रानजाई

गुरुजी, नमस्कार. खरं आहे. जपानच्या प्रवेश नियमांतच तशी अट आहे : शाळेत सहायक म्हणून परकी भाषा शिकवायला येणाऱ्याचं त्या भाषेतून बारा वर्षांचं शिक्षण झालेलं असावं. कंपन्या तीच अट लावतात, काही त्याहून कडक. शाळा आणि कॉलेज मिळून वर्षं मोजली जातात. मी चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत होते, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, पुढे बी.ए., एम.ए. इंग्रजीतून, म्हणून माझी वर्षं भरली. तुमच्या पुतण्याचं शिक्षण इंग्रजीतून किती झालंय ते पदवीसकट मोजून बघा.

पण तुम्ही जे म्हणालात तेच मला या धाग्यात मनापासून सांगायचंय, आणि मी ते इथल्या बैठकांतही सांगते. माझ्या त्या पहिल्या चार वर्षांचा मला इथे रोज उपयोग होतो.

एक तास सांगते. सहावीचा वर्ग, लहान शाळा, मुलं थोडी. धडा होता कुठल्या देशाला जायला आवडेल असा. एका मुलाच्या हातात शब्दांचे पुठ्ठे होते, त्याने फळ्यावर लावले : आय, इटली, गो. जपानीत क्रियापद शेवटी येतं, मराठीतही येतं. मी इटलीला जातो. त्याची मांडणी माझ्या दृष्टीने अगदी सरळ होती, कारण मीही लहानपणी अशीच वाक्यं लिहायची. मी पुठ्ठे काढून मुलांच्या हातात दिले आणि त्यांना फळ्यासमोर रांगेत उभं केलं. 'गो' धरलेली मुलगी टोकाला उभी होती. वर्गशिक्षकांनी जपानीत वाक्य म्हटलं, मी इंग्रजीत म्हटलं आणि त्या मुलीला म्हटलं, तुझी जागा शोध. ती रांगेच्या मागून चालत आली, 'आय' आणि 'इटली' यांच्यामध्ये घुसली, आणि 'इटली' धरलेला मुलगा आपोआप सरकला. मग 'टू'चा पुठ्ठा घेऊन आणखी एक जण आला. त्यानंतर त्या वर्गात 'गो' मागे राहिला की मुलंच एकमेकांना सरकायची खूण करायची.

ही युक्ती मला कोणत्या प्रशिक्षणात मिळाली नाही. अडचण कुठे येणार हे मला आतून माहीत होतं. 'ए' आणि 'द' चंही तसंच. मराठीत ते नाहीत, जपानीतही नाहीत. ज्याच्या घरात ते जन्मापासून बोलले गेले तो शिक्षक म्हणतो 'इथे द येतो, कानाला बरं वाटतं'. मुलाच्या कानाला काय बरं वाटणार? आपण ते नियमाने शिकलो, घासून घासून शिकलो, म्हणून आपण सांगू शकतो की पहिल्यांदा कुत्रा आला तेव्हा 'ए', तोच कुत्रा पुन्हा आला तेव्हा 'द'. माझ्या मते खेड्यातल्या मुलांसमोर भाषा कष्टाने कमावलेला माणूस उभा राहायला हवा. त्यांनाही दिसतं की ही बाई इंग्रजी घेऊन जन्माला आली नाही, शिकली. मग आपणही शिकू. बारा वर्षांची अट हा अनुभव मोजतच नाही, आणि त्यात नुकसान इथल्या मुलांचं आहे.

खानापूरचे_गुरुजी

ताई, पुठ्ठ्यांची रांग सोमवारी माझ्या वर्गात करतो. पुतण्याची वर्षंही मोजायला लावतो. मनःपूर्वक आभार.

घाटमाथा

'ए' आणि 'द' बद्दल शंभर टक्के सहमत. मी दहावीच्या मुलांना हेच सांगतो.

सुगरण_नाशिक

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. माझ्या भाच्याला तिकडे जायचंय आणि बहिणीला रात्रंदिवस त्याचीच काळजी. गावात काय खायचं?

रानजाई

@सुगरण, यावर थोडं जास्त लिहिते, कारण हा प्रश्न टोकियोत सोपा आणि गावात अवघड आहे.

शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांचं एकच. मुलं पांढरे एप्रन-टोप्या घालून गाडा ढकलत आणतात, वाढतात, दुधाची बाटली किंवा खोकं प्रत्येकाला. भाजीचं सूप दिसलं तरी त्याचा रस्सा बहुतेक वेळा सुक्या माशांवर उकळलेला असतो. म्हणजे वरचं मांस बाजूला काढून भागत नाही. भाच्याने रुजू होताना पहिल्याच दिवशी, मोकळेपणाने सांगायचं की मी डबा आणीन. अॅलर्जी असलेली मुलं डबा आणतात, त्यामुळे शाळेला ते नवीन नसतं. मी डबा घेऊनच मुलांत बसते. सुरुवातीला सगळे डब्यात डोकावायचे, भेंडीची भाजी बघून फार आनंद व्हायचा, कारण भेंडी इथे मिळते पण अशी कोरडी परतलेली त्यांनी पाहिलेली नसते.

घरी स्वयंपाक करत असेल तर अडत नाही. तूरडाळ, मसाले, पोहे ऑनलाइन भारतीय दुकानांतून येतात. तांदूळ तर जगातला उत्तमांपैकी एक दारात पिकतो, फक्त तो चिकट असतो, पुलावाला चालत नाही, आमटी-भाताला छान. वांगी, भोपळा, मुळा, कोबी भरपूर. उन्हाळ्यात शेजारच्या आजी दारात वांग्यांची पिशवी ठेवून जातात.

गणपतीसाठी : उकडीच्या मोदकांना 'जोशिन्को' नावाचं पीठ घ्या, साध्या तांदळाचं असतं, उकड नीट होते. 'शिरातामाको' घेऊ नका, ते चिकट तांदळाचं, पाकळ्या पडत नाहीत. ओला नारळ गावात मिळत नाही, सुकं खोबरं दुधात भिजवून घेते.

बाहेर जेवायचं तर भाच्याला अवघड जाईल. इथला प्रसिद्ध हेगी-सोबा, समुद्री शेवाळ घालून मळलेल्या नूडल्सचा, तोसुद्धा माशाच्या रश्शात बुडवून खातात. मी बरोबर मीठ आणि वासाबी मागते.

सुगरण_नाशिक

जोशिन्को लिहून ठेवलं गं! बहिणीला धागा वाचायला देते.

डहाणूची_लेक

तोकामाची हे नाव वाचून थांबले. तिथे जुन्या शाळेत मिथिला म्युझियम आहे ना? आमच्या भागातले वारली कलाकार तिथे जाऊन राहिले होते, असं घरी लहानपणापासून ऐकलंय.

रानजाई

हो, तेच! डोंगरात, एका तळ्याकाठी, बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये ते उभं केलं. मधुबनी चित्रं मुख्य, पण वारलीही आहेत, जिव्या सोमा म्हसे यांची. कलाकारांना इथे बोलावून, ठेवून घेऊन काम करू दिलं. २००४ च्या चुएत्सु भूकंपात या सगळ्या भागाचं फार नुकसान झालं, त्यातूनही ते उभं राहिलं. मी सहावीच्या मुलांना घेऊन गेले होते. तारप्याभोवतीचा गोल नाच दाखवून म्हटलं, हे मी जिथून आले त्या राज्यातलं. एका मुलीने विचारलं, तुमच्याकडे पण भात लावतात का? कारण चित्रात लावणी होती. मग आम्ही त्या चित्रावरच इंग्रजी वाक्यं केली. पेरणं, लावणं, कापणं, सगळी क्रियापदं त्यांच्या घरचीच. पुस्तकातल्या विमानतळाच्या संवादापेक्षा ती पटापट तोंडात बसली.

तुम्ही कधी आलात तर जरूर कळवा, मी घेऊन जाईन.

तोक्योकर

मी इतकी वर्षं जपानमध्ये, आणि हे माहीत नव्हतं. मे महिन्यात येतो.

घाटमाथा

बर्फाबद्दल पण लिहा ना. मी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला नाही.

रानजाई

चांगल्या हिवाळ्यात इथे साठलेला बर्फ दोन मीटरच्या वर जातो. जपान समुद्रावरून ओलं वारं येतं, डोंगराला अडतं आणि सगळं इथे टाकतं. सह्याद्रीच्या पावसाचं जे गणित तेच, फक्त गोठलेलं. म्हणून घरांचा तळमजला काँक्रीटचा आणि राहण्याची जागा वरच्या मजल्यापासून. रस्त्याच्या मध्ये नळ्या बसवलेल्या असतात, त्यातून जमिनीखालचं पाणी उडतं आणि बर्फ वितळतो. त्या पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस झालेत. शाळा बर्फासाठी सहसा बंद होत नाही.

काम काय, तर पहाटे उठून दार आणि गाडी मोकळी करायची. त्यासाठी फावडं आणि ढकलायचं मोठं घमेलं लागतं, दोन्ही घ्या. छतावरचा बर्फ काढायला एकट्याने चढू नका. दर वर्षी त्यात माणसं जातात, विशेषतः म्हातारी.

गाडी : भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो, आणि गाडी डावीकडूनच चालते, हा आपला फायदा. वर्षानंतर जपानी परवान्यात बदलून घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून ती परीक्षा कडक झाली आहे, पन्नास प्रश्नांपैकी पंचेचाळीस बरोबर लागतात, आणि मैदानातली चालवण्याची चाचणीही. शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. आणि भारतातला परवाना काढल्यावर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा मागतात, जुना पासपोर्ट जपून आणा.

मीनल_कोथरूड

लेकीने सगळा धागा दोनदा वाचला. आता तिचाच एक प्रश्न : पाच वर्षांनंतर काय? परत यायचं?

अनिकेत_साईतामा

मी जपानी एन२ केलं आणि आता एका कारखान्यात परदेशी कामगारांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. पगार दीडपट. माझ्याबरोबरचे जे भाषा शिकले नाहीत ते अजून त्याच पगारावर कंपन्या बदलताहेत. लेकीला सांगा, पहिल्या दिवसापासून जपानीला रोज तास द्यायचा, इंग्रजी शिकवण्याइतकंच गंभीरपणे.

रानजाई

अनिकेत बरोबर सांगताहेत. अजून दोन वाटा : प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून विशेष शिक्षक परवाना मिळवून पूर्ण शिक्षक होणं, किंवा नगरपालिकेची थेट नेमणूक, जी बहुतेक वर्षावर असते आणि दर वर्षी नव्याने होते. मी दुसऱ्या वाटेवर आहे आणि पहिलीसाठी तयारी करतेय.

मला इथे राहायचंय त्याचं कारणही लिहिते. सहायक शिक्षक वर्षा-दोन वर्षांत बदलतात. मुलं तिसरीत एकाशी जुळवून घेतात, पाचवीत दुसरा, सातवीत तिसरा, प्रत्येक वेळी पुन्हा नाव-गाव-आवडता रंग. इथल्या लहान शाळा मुलांअभावी एकेक बंद होताहेत, मुलं बसने लांबच्या शाळेत जाऊ लागलीत. त्या नव्या शाळेत निदान इंग्रजीच्या तासाला ओळखीचा चेहरा असावा असं मला वाटतं. माझे तिसरीतले विद्यार्थी आता सातवीत माझ्यासमोर बसतात, आणि त्यांना तिसरीपासून काय येतं, कशाला घाबरतात, हे मला नवीन शिक्षिकेला सांगता येतं. गावाला याचा उपयोग आहे. मीनलताई, तुमच्या लेकीने यावं, पण निदान तीन वर्षं राहायच्या तयारीने यावं. एका वर्षात ती जपान बघेल, शिकवणं त्यानंतर सुरू होतं.

मीनल_कोथरूड

वाचून दाखवलं. ती म्हणतेय तीन वर्षं कबूल. कागदपत्रांची तयारी कुठून सुरू करायची?

रानजाई

पदवीचं मूळ प्रमाणपत्र विद्यापीठाकडून आत्ताच मागवा, पदवीदान समारंभाची वाट बघत बसू नका. शाळा आणि कॉलेज दोन्हीकडून माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र लेटरहेडवर, शिक्का आणि वर्षांसह. दोन शिफारसपत्रं, शक्यतो तिला शिकवताना पाहिलेल्या माणसांची. तोवर तिने एखाद्या शाळेत किंवा वस्तीत आठवड्यातून दोन दिवस तरी शिकवायला सुरुवात करावी. अर्जात निबंध लिहावा लागतो, त्यात चेरी ब्लॉसम आणि अॅनिमे नको, आपण कोणाला काय शिकवलं ते लिहायला सांगा. मसुदा झाला की विपूत पाठवा, मी वाचून देते. घाटमाथा दादा, तुम्हीही.

घाटमाथा

पाठवतो. शाळेकडे माध्यमाच्या पत्रासाठी उद्याच अर्ज टाकतोय.